सव्वा महिना कुठून मोजायचा

माझ्या नातीला दिसत नाही. एसटी स्टँडवर, लग्नाच्या मांडवात, कुठंही तिला घेऊन बसलो की कोणी ना कोणी विचारतंच, "जन्मापासूनच का?" आणि मी मान हलवतो. तेवढ्या मान हलवण्यावर मी इतकी वर्षं काढली. तोंडानं तर खोटं बोललो नाही, अशी स्वतःची समजूत घालत आलो. पण मान खोटी हलत होती. नात जन्मली तेव्हा तिचे डोळे वाचण्यासारखे होते. ते कसे गेले हे मला माहीत आहे, माझ्या मुलाला माहीत आहे आणि सगळ्यांत जास्त माझ्या सुनेला माहीत आहे. आम्ही तिघंही त्यावर कधी बोललो नाही. त्या दोघांचं न बोलणं चांगुलपणाचं होतं. माझं भीतीचं होतं.

आता पंचाहत्तरी उलटली. लिहून ठेवतो आहे, कारण गावात आजही वेगळीच गोष्ट सांगतात आणि त्या गोष्टीत दोष सुनेचा आहे.

मी एसटीत कंडक्टर होतो. आमचं गाव चिखलीपासून जवळच. चिखली-बुलढाणा आणि चिखली-खामगाव या दोन रस्त्यांवर माझी बहुतेक नोकरी गेली. बाळंतपणाला निघालेल्या बाया, दवाखान्यातून परत येणारी माणसं, कडेवर तापलेली लेकरं, सगळ्यांना मी जागा करून दिली आहे. पुढच्या सीटवरच्या जवान पोरांना उठवून अवघडलेल्या बाईला बसवायचं, यात माझा हात कोणी धरू शकत नव्हतं. हे सांगतो ते बढाई म्हणून नाही. पुढं जे घडलं ते मी बुलढाण्याचा रस्ता माहीत नसलेला माणूस होतो म्हणून घडलं नाही, एवढंच सांगायचं आहे.

मुलाच्या लग्नाआधी एक वर्ष माझी बायको गेली. मुलगा छत्रपती संभाजीनगरला कंपनीत कामाला, शनिवारी यायचा. सून मोताळा तालुक्यातली. तिची आई ती लहान असतानाच वारलेली, माहेरी भाऊ आणि भावजय. म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी नेण्याची रीत असूनही ते आमच्याकडेच करायचं ठरलं. घरात दुसरी बाई नव्हती. खामगावला माझी मोठी बहीण आहे, तिला आम्ही अक्का म्हणतो. बाळंतपणाला ती येऊन राहणार होती.

सातवा महिना निम्मा झाला होता. ओटी भरायचा दिवस आम्ही धरून ठेवला होता. त्याच्या आधीच एका सकाळी सून भाकरी थापता थापता उठली आणि भिंतीला धरून उभी राहिली. शेजारच्याच्या जीपनं चिखली, तिथून दवाखान्याच्या गाडीनं बुलढाणा. दुपारी मुलगी झाली. एवढंसं लेकरू मी आधी पाहिलं नव्हतं. माझी तिकिटांची पेटी तिच्यापेक्षा मोठी होती. कातडी लाल, पातळ, आतल्या शिरा दिसतील अशी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं आणि नाकाला ऑक्सिजनची नळी लावली.

आमच्याकडे असं लेकरू झालं की माणसं आशा सोडून बोलतात. मला भेटायला आलेल्यांनी मुलगी कशी आहे हे विचारलं नाही, 'सून तर ठीक आहे न?' एवढंच विचारलं. पण त्या वॉर्डातली माणसं तसं बोलत नव्हती. तिथल्या सिस्टर पहिल्याच दिवशी मुलाला आणि मला म्हणाल्या, "हिचे पोटातले दिवस अजून बाकी आहेत. ते आता आपल्याला बाहेर पुरे करायचे आहेत. आम्ही एकट्या नाही करू शकत. घरच्यांनी हात लावला पाहिजे."

हात लावणं म्हणजे काय हेही त्यांनीच शिकवलं. कोपरापर्यंत हात धुवायचे. लेकराला थोपटायचं नाही, कुरवाळायचं नाही. एक तळवा डोक्याशी, एक पायांशी, असा नुसता ठेवायचा आणि हलवायचा नाही. जवळ मोठ्यानं बोलायचं नाही. डोळ्यांवर थेट उजेड येऊ द्यायचा नाही. आईच्या पोटात असतं तसं ते गोळा होऊन राहावं म्हणून जुन्या मऊ कापडाची गुंडाळी करून त्याच्या भोवती घरटं करायचं. त्यासाठी सुनेनं मला घरून बायकोचं जुनं पातळ आणायला सांगितलं. ट्रंकेतून ते काढताना मला बरं वाटलं होतं. दवाखान्यात त्यांनी ते धुऊन, वाळवून घेतलं आणि माझी नात आजीच्या पातळाच्या वेटोळ्यात झोपली.

आणि एक शिकवलं होतं. लेकराला उघड्या छातीवर, कातडीला कातडी लागेल असं धरून बसायचं, वरून पांघरूण घ्यायचं. आईनं, बापानं, घरातल्या कोणीही. सुनेला बाळंतपणानंतर ताप होता, तेव्हा पहिले काही दिवस मुलगाच बसला. मी दारातून पाहिलं. माझा मुलगा सदरा काढून खुर्चीत रेलून बसला होता आणि त्याच्या छातीवर बेडकासारखं पसरलेलं ते लेकरू. शेजारच्या खुर्चीत मोताळ्याकडचा एक बाप्या तसाच बसलेला. तो मुलाला म्हणत होता, "काय बे, कोंबडी केलं न आपल्याले!"

"अंडे उबवून राह्यलो, दादा," मुलगा म्हणाला. "पन उठाले गेलं का सिस्टर वरडते."

"वरडू दे. घरी बायको वरडते, इथं सिस्टर."

दोघं तोंड दाबून हसले. लेकरांनी दचकू नये म्हणून. मला मात्र हसू आलं नाही. मला लाज वाटली. बाप्या माणूस बायकांच्या वॉर्डात उघडा बसतो आणि वर हसतो! गावात कोणाला सांगायची सोय नाही, असं मला वाटलं. मी सांगितलंही नाही. विचारलं कोणी, तर 'डॉक्टर करून राह्यले जे कराचं ते' म्हणायचो.

एकदा मुलगा जेवायला बाहेर गेला होता आणि सून भिंतीला टेकून झोपेनं पेंगत होती. सिस्टर मला म्हणाल्या, "आबा, घ्या तासभर. सूनबाईला पडू द्या."

"मी?"

"मग कोण? काढा बटणं."

"सुनेसमोर मी उघडा बसू?"

"अहो, बाळाला काय कळतं सून अन् सासरा? त्याला ऊब कळते."

मी म्हणालो, मला खोकला आहे. त्या लगेच मागं सरल्या, "मग नको, बाळाला लागेल." मी बाहेर जाऊन चहा प्यालो. खोकला नव्हता. हे छोटंसं खोटं मी विसरून गेलो असतो, पण पुढं एका प्रसंगानं ते परत माझ्यासमोर आणून ठेवलं.

मुलगी जगली. ऑक्सिजनची नळी निघाली. सून बोटानं थेंब थेंब दूध काढायची, ते आधी नळीनं आणि मग चमच्यानं पोटात जायला लागलं. वजन वाढू लागलं. तीन-साडेतीन आठवड्यांनी डॉक्टर म्हणाले, घरी न्यायला हरकत नाही. छातीवर धरणं घरीही चालू ठेवा. आणि मग म्हणाले, "एक काम राहिलंय. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांचा आतला पडदा कच्चा असतो. तिथं रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढू शकतात. बाहेरून काही कळत नाही, डोळा चांगलाच दिसतो. महिन्याच्या आसपास तपासावं लागतं. पुढच्या आठवड्यात डोळ्यांचे डॉक्टर येणार आहेत. त्या दिवशी बाळाला आणायचं म्हणजे आणायचंच. वेळेत कळलं तर उपाय आहे."

सून मान हलवत होती. मी दाराशी दोन पिशव्या घेऊन उभा होतो. पुढं कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत होतो की मला नीट ऐकू आलं नव्हतं. मला ऐकू आलं होतं.

घरी आलो तेव्हा थंडीचे दिवस होते. बुलढाण्याच्या घाटावरची थंडी, सकाळी उसाच्या पाचटावर दव गोठल्यासारखं दिसायचं. मी मधल्या खोलीचं दार लावून घेतलं, दारावर कडुनिंबाचा डहाळा खोवला, बाजेखाली शेगडी ठेवली. आल्यागेल्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. अक्काचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, ती येऊ शकली नाही. मुलाची रजा दवाखान्यातच संपली होती, तो कंपनीत गेला. घरात सून, लेकरू आणि मी. बायको असती तर जे जे पाळलं असतं ते सगळं आपणच पाळायचं, असं मी ठरवलं. बाळंतिणीच्या खोलीत काय पाळतात हे मला खरं तर दाराबाहेरूनच माहीत होतं.

तपासणीच्या आदल्या दिवशी सून दारात येऊन उभी राहिली.

"मामाजी, उद्या बुलढाण्याले जा लागते. पोरीचे डोळे दाखवाचे हायेत."

"सव्वा महिना झाल्याबिगर लेकरू उंबऱ्याबाहेर जात नसते."

"जन्मून महिना होत आला न, मामाजी. थोडेच दिवस राह्यले."

"दवाखान्यातले दिवस कायले मोजतं? घरी आल्यापासून मोजाचं."

हा हिशोब कोणत्याही घरात नाही. सव्वा महिना लेकराच्या जन्मापासूनच धरतात, हे मलाही ठाऊक होतं. तो नवा हिशोब मी त्या वेळी, त्या दारात, बोलता बोलता तयार केला.

"पन थे डोळ्याचे डॉक्टर रोज नाही येत," ती म्हणाली.

"मंग येतीन न पुढच्या खेपेले. डोळे काय पळून जाऊन राह्यले?"

ती आत गेली. त्या दिवशी मला वाटलं, आपण लेकराला वाऱ्यापासून वाचवलं.

पुढची खेप पंधरा-वीस दिवसांनी होती. सुनेनं फोन करून विचारून ठेवलं होतं. त्या सकाळी ती तयार होऊनच बाहेर आली. लेकराला टोपी, मोजे, दवाखान्यात शिकवल्याप्रमाणे छातीशी बांधलेलं, वरून शाल. शेजारच्याला जीप काढायला तिनंच सांगितलं होतं. मी ओसरीत खुर्ची टाकून बसलो होतो, नेमका दाराच्या वाटेत.

"मामाजी, आता तं सव्वा महिना झाला."

"माह्या हिशोबानं नाही झाला."

"जीप हाय, बस नाही. वारा नाही लागू देत मी. अशी अंगाशी धरूनच नेईन."

"अन् काही झालं तं? एवढ्या मरनातून आलेलं लेकरू, रस्त्यात गेलं तं कोन जबाबदार? तू?"

  ती तशीच उभी राहिली. बाहेर जीपवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला आणि हाक मारली, "काकाजी, येऊन राह्यले का नाही?" मी बसल्या जागेवरून म्हणालो, "नाही बाप्पा, जा तू." सुनेनं शाल काढली आणि आत गेली. खुर्ची मी नंतरही बराच वेळ तिथून हलवली नाही.

तिनं मुलाला फोन केला असणार, कारण संध्याकाळी त्याचा मला फोन आला. मी तोवर एक काम करून ठेवलं होतं. बॅटरी घेऊन तिचा उजेड लेकराच्या तोंडावर फिरवला होता. लेकरानं डोळे मिचकावले. "मी स्वतः पाह्यलं," मी मुलाला म्हणालो, "उजेडाकडे टकमका पाह्यते पोरगी. डोळ्याले काही नाही. तू काम कर आपलं." तो म्हणाला, "बरं बाबा." त्यानं बापावर विश्वास ठेवला. त्यात त्याची चूक नाही. माझ्या हिशोबाचा सव्वा महिनाही मग पुरा झाला, पण सून तिसऱ्यांदा विचारायला आली नाही आणि मीही विषय काढला नाही.

मी असं का केलं? भीती होती, हे खरं आहे. ते लेकरू मरेल या भीतीनं मी रात्रंदिवस तिच्या श्वासाकडे कान लावून असायचो. पण तेवढंच असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. दवाखान्यात महिनाभर मला कोणी काही विचारलं नव्हतं. काय करायचं हे सिस्टर सांगत होत्या, ते सून आणि मुलगा करत होते, मी पिशव्या सांभाळत होतो. एकदा मला बोलावलं तर मी पळ काढला. घर हे एकच ठिकाण होतं जिथं माझा शब्द चालत होता, आणि तो चालतो आहे हे मला पाहायचं होतं. लेकराच्या डोळ्यांवर मी ते पाहून घेतलं.

अक्का आली तेव्हा पोरगी चार महिन्यांची होत आली होती. अक्का काठी टेकत आत आली, बसली, मांडीवर लेकरू घेतलं.  तिनं हातातल्या बांगड्या वाजवल्या, लेकरानं मान वळवली. मग तिनं हात थांबवला आणि नुसता लेकराच्या तोंडासमोर हलवला. मग पुन्हा बांगड्या वाजवल्या.

"लेकरू आवाजाकडे पाह्यते, मानसाकडे नाही पाह्यत," ती म्हणाली. "माय, तुले नाही दिसलं हे?"

सून म्हणाली, "दिसलं, आत्याबाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. आता मला कोणताही हिशोब आठवला नाही. मुलगा संभाजीनगरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात येऊन थांबला होता. तिथल्या डॉक्टरांनी बाळाचे डोळे उघडे धरून आत पाहिलं, दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनीही पाहिलं. मग आम्हाला बसवून सांगितलं की दोन्ही डोळ्यांचा आतला पडदा सुटला आहे. फार तर उजेड-अंधार कळेल. पहिल्या महिना-दीड महिन्यात आणलं असतं तर डोळे बहुतेक वाचवता आले असते.

"तुम्हाला तपासायला सांगितलं नव्हतं का?" त्यांनी विचारलं.

मी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. मला वाटलं, आता ती सांगेल. मी तिच्याकडे पाहिलंही नाही.

"सांगितलं होतं," सून म्हणाली. "येणं झालं नाही."

डॉक्टर तरुण होते, त्यांना राग आला. ते रोज अशी लेकरं पाहत असतील. ते तिलाच म्हणाले, "येणं झालं नाही? आई ना तुम्ही? एक दिवस निघत नव्हता?" ती खाली मान घालून ऐकत राहिली. मुलानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मला फक्त एवढं म्हणायचं होतं, 'डॉक्टरसाहेब, तिला नका बोलू, मी अडवलं.' पाच-सहा शब्द. मी टोपीची घडी घालत बसलो.

परत येताना गाडीत ती लेकराला छातीशी धरून बसली होती, अगदी दवाखान्यात शिकवलं होतं तशी. आता त्याची तशी गरज नव्हती.

गावात कळायला वेळ लागला नाही. आणि गावाला कारण लागतं. कोणीतरी काढलं की पोटुशी असताना ग्रहण लागलं होतं, तेव्हा हिनं विळीवर भाजी चिरली. बस, तेच धरलं. हॉटेलात मी चहाला बसलो असताना एकानं मला तोंडावर विचारलं, "काहो, गिऱ्हानात सुनंनं मेथी कापली म्हन्तेत, खरं का?" मी कपात पाहत म्हणालो, "असंन बाप्पा. आपुन काय घरात बसून असतो का?"

आपण घरात बसून होतो. ग्रहणाच्या त्या दिवशी मीच तिला आत झोपायला लावलं होतं आणि दाराला बाहेरून कडी घातली होती, चुकून हातात सुरी-विळी येऊ नये म्हणून. ग्रहण सुटल्यावर मीच कडी काढली. तिनं त्या दिवशी काही चिरलं नव्हतं, पाणीसुद्धा प्यायली नव्हती.

ती गोष्ट तिच्या कानावर गेलीच. एकदा मी जेवायला बसलो असताना ती वाढता वाढता थांबली. "मामाजी, गिऱ्हानात तं मी झोपूनच होती न? कडी तुम्हीच लावली होती."

"हाव."

"मंग लोकाईले काऊन नाही सांगत तुम्ही?"

"लोकाईच्या तोंडाले हात लावता येते का, माय? बोलतीन अन् चूप बसतीन."

तिनं भाकरी वाढली. तेव्हापासून ती माझ्याशी कमी बोलायला लागली असं म्हणता येणार नाही. ती आधीइतकंच बोलते, वेळेवर चहा देते, औषधाची आठवण करून देते. फक्त मला काही विचारत नाही. तिनं मला विचारलेली ती शेवटची गोष्ट.

अक्काकडे एकदा खामगावला गेलो होतो. तिच्या ओट्यावर बसून बोलता बोलता मी तिच्याजवळ मन हलकं करायला गेलो. म्हटलं, "अक्का, सव्वा महिना पाळला म्हणून हे झालं. आपल्या रीतीनंच घात केला."

अक्का हसली. वाईट हसली. "रीतीले कायले दोष देतं? तुह्या पोराले बाराव्या दिवशी आम्ही दवाखान्यात नेलं होतं, मी अन् तुही बायको. त्याची बेंबी पिकली होती. टोपल्यात घातलं, वरून पातळ झाकलं, उशाले विळी अन् कडुनिंब ठेवला, अन् गेलो. सव्वा महिना का लेकराहून मोठा असते?"

"मले काऊन नाही सांगतलं?"

"तुले सांगतलं असतं तं तू जाऊ देलं असतं?"

ज्या बायकोच्या नावानं मी दारात खुर्ची टाकून बसलो होतो, तिनं माझ्या पाठीमागं तो उंबरा केव्हाच ओलांडला होता. मी ड्युटीवर होतो त्या दिवशी. कदाचित ती माझ्याच रस्त्यावरच्या मागच्या गाडीनं गेली असेल.

मुलगी चार-पाच वर्षांची झाल्यावर मुलगा दोघींना घेऊन संभाजीनगरला गेला. तिथं तिच्यासाठी शाळा आहे. मी गावातच राहतो, सणावाराला जातो. सुनेनं त्या पोरीला कसं वाढवलं हे मी पाहिलं आहे. पोरगी रांगायची नाही तेव्हा ही पुढं सरकत सरकत बांगड्या वाजवायची आणि पोरगी आवाजामागं यायची. कोणतीही वस्तू हातात देण्याआधी सांगायची, आता थंड लागेल, आता खरबरीत लागेल. डब्यांतून हात घालायला लावून ज्वारी, तूर, मूग, हरभरा ओळखायला शिकवलं. दवाखान्यातल्या सिस्टर जे सांगत होत्या, घाई नको, आधी हात ठेवा, तिला कळू द्या, तेच ती पुढं वर्षानुवर्षं करत राहिली. पोरगी हुशार आहे. जिन्यावर माझं पाऊल वाजलं की ओळखते. ठिपक्यांची अक्षरं बोटानं इतकी भराभर वाचते की मला ऐकताना मागं पडायला होतं.

मागच्या दिवाळीत ती माझ्याजवळ बसली होती. म्हणाली, "आबा, मी पेटीत होते ना, तेव्हा तुम्ही मला छातीवर घेऊन बसायचे ना? मम्मी सांगते, पप्पांनी घेतलं, मम्मीनं घेतलं, आबांनी पण घेतलं. सगळ्यांनी घेतलं म्हणून मी मोठी झाले."

स्वयंपाकघराच्या दारात सून मेथी निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. तिला माहीत होतं मी घेतलं नव्हतं. मी खोकल्याची सबब सांगितली तेव्हा ती डोळे मिटून होती, पण झोपलेली नव्हती, हे मला त्या क्षणी कळलं. तरी तिनं लेकीच्या गोष्टीत मला जागा करून दिली होती.

मी पोरीला म्हणालो, "तुही मम्मी सांगते ते बरोबर हाय." आणखी एक खोटं.

पोरगी खेळायला गेल्यावर मी सुनेजवळ जाऊन बसलो. खाली, जमिनीवर. ती म्हणाली, "मामाजी, खुर्ची घ्या न, गुडघे दुखतीन." मी म्हटलं, राहू दे. एक जुडी मीही ओढून घेतली आणि पानं खुडायला लागलो. गावातून निघतानाच ठरवून आलो होतो की या खेपेला बोलायचं. सबंध रस्ता ते वाक्य मनात घोकत आलो होतो.

"सूनबाई," मी म्हणालो, "त्या वेळी... पोरगी घरी आनली तेव्हा..."

तिचे हात थांबले. ती माझ्याकडे पाहत नव्हती, पण ऐकत होती. इतकी स्थिर बसली होती, जणू हलली तर मी गप्प होईन. इतक्या वर्षांत मला कोणी एवढी जागा करून दिली नव्हती.

"थंडी लय होती," मी म्हणालो.

तिनं हातातली पानं खाली ठेवली. मग म्हणाली, "हाव, मामाजी. थंडी होती." आणि पुढची जुडी सोडली.

त्यानंतर मी दोनदा तिकडं जाऊन आलो. दोन्ही वेळा चहा झाला, जेवण झालं, औषधं घेतली का असं न विचारता ती तिनं नुसती पुढं ठेवली, आणि मी परतीच्या गाडीत बसलो. म्हणून ते वाक्य इथंच लिहितो.

माय, तू मले दोनदा मांगितलं अन् दोन्ही वेळा मी नाही म्हनलं. हिशोब खोटा होता, थो मीच केला होता. डॉक्टर तुले बोलले तवा मी चूप बसलो. गिऱ्हानात तू झोपूनच होतीस, कडी मीच लावली होती. पोरीचे डोळे तुह्यामुळे नाही गेले, माह्यामुळे गेले. मले माफ कर.